क्षार म्हणजे काय गे? : ३१ गुणांच्या एका उत्तरपत्रिकेचं प्रकरण

पहिल्या प्रिपरेटरीचे, म्हणजे दहावीच्या बोर्डाआधीच्या सराव परीक्षेचे, विज्ञानाचे पेपर तपासून झाले त्या संध्याकाळी मी गठ्ठ्यातली एक उत्तरपत्रिका बाजूला काढून ठेवली. ८० पैकी ३१. वर्गात याहून कमी गुण पडलेली पोरं होती, पण त्यांचं मला नवल नव्हतं. ही मुलगी पहाटे पाचला उठून अभ्यासाला बसते हे मला तिच्या आईनं, आज्जीनं आणि डेअरीला दूध घालायला जाणाऱ्या शेजाऱ्यानंही सांगितलं होतं. तिचं विज्ञानाचं पुस्तक पिवळ्या आणि गुलाबी हायलायटरनं इतकं रंगलेलं की कोरी राहिलेली ओळ शोधावी लागे. मग ३१ कसे?

हे प्रकरण तिचं आहे, आणि थोडं माझंही. तिचं नाव इथं घेत नाही. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या अंगाचं. घरी भात, दोन म्हशी, बांधावर काजू. शाळा मराठी माध्यमाची, मी तिथं विज्ञान शिकवतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमची दहावी म्हणजे कर्नाटक बोर्डाची एसएसएलसी. विज्ञानाचे १०० गुण, त्यातले २० अंतर्गत, ८० लेखी. आमच्या त्या वर्षीच्या नमुन्यात भौतिक, रसायन आणि जीव असे तीन भाग मिळून ३८ प्रश्न होते : एका गुणाचे १६, दोन गुणांचे ८, तीन गुणांचे ९, चार गुणांचे ४ आणि पाच गुणांचा एक. पुस्तक एनसीईआरटीचंच, मराठीत उतरवलेलं. हा हिशेब नीट पाहिला तर एक आणि दोन गुणांच्या प्रश्नांनीच ३२ गुण खाल्लेले दिसतात. म्हणजे दहा मोठी उत्तरं पाठ करून भागत नाही. सगळ्या धड्यांतलं थोडं थोडं, विचारलं की चटकन आठवावं लागतं.

आता माझा वाटा. २०२४ साली परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंग, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट नजर, आलं आणि राज्याचा निकाल ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० वर घसरला. तेव्हापासून शाळाशाळांत निकालाची धास्ती आहे, आणि त्या धास्तीतून पासिंग पॅकेजला ऊत आला आहे. ठरावीक आकृत्या, ठरावीक व्याख्या, ठरावीक समीकरणं, बारा-पंधरा पानांची झेरॉक्स. मीही एक तयार केलं आणि सरसकट सगळ्या वर्गाला वाटलं. या मुलीनं ते इमानेइतबारे चारदा वाचलं. जे पॅकेज पंधरावर अडकलेल्या पोराला काठावर आणण्यासाठी होतं, ते साठ-पासष्ट मिळवू शकणाऱ्या मुलीच्या हातात मी दिलं आणि वर "एवढं केलंस तरी पुरे" असंही म्हणालो. हे वाक्य मला पुढं बरेच दिवस टोचलं.

४९ गुण गेले कुठं

उत्तरपत्रिका घेऊन तिला शनिवारी शाळा सुटल्यावर बसवून घेतलं. गेलेल्या प्रत्येक गुणापुढं आम्ही दोघांनी मिळून तीनपैकी एक खूण केली. शिकलीच नव्हती, त्याला फुली. वाचलं होतं पण ऐनवेळी आठवलं नाही, त्याला गोल. येत होतं पण लिहिताना घालवलं, त्याला टिंब.

फुल्या ११ निघाल्या. टिंबं १४ : किरणांवर बाण नाहीत, उत्तराला एकक नाही, समीकरण संतुलित नाही, मेंदूची आकृती छान पण नावं देणाऱ्या रेघा हवेत थांबलेल्या. आणि गोल २४.

गेलेल्या ४९ पैकी २४ गुण असे होते की जे तिनं वाचलं होतं, रंगवलं होतं, काही तर आदल्या रात्री पाहिलं होतं.

"हा धडा किती वेळा वाचलीस गं?"

"चारदा वाचलोय की सर."

(आमच्याकडच्या मुली वाचलोय, आलोय असंच म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये.)

मी पुस्तक मिटलं. "बरं, मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनमध्ये रक्त गाळलं जातं ते कुठं, आणि त्यातलं कामाचं परत कोण घेतं, सांग बघू." तिनं धड्याची पहिली ओळ जशीच्या तशी सुरू केली, दुसऱ्या ओळीला थबकली. "तोंडात आहे सर, येईना झालंय." मी पुस्तक उघडून पुढं सरकवलं. तिनं पाहिलं मात्र, आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "हेच की!"

ते "हेच की" म्हणजेच दुखणं होतं. पुस्तक समोर असलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटतं म्हणून येतंय असं वाटतं. तिची आज्जी भजनात म्हणते, म्हणून तिला त्याच भाषेत सांगितलं. टाळ धरून मागं म्हणणाऱ्याला वाटत असतं की सगळे अभंग आपल्याला येतात. एखाद्या एकादशीला पुढं म्हणणारे बुवा आले नाहीत आणि त्यालाच पुढं उभं केलं, की दुसऱ्या कडव्याला गाडी अडते. चार वर्षं तो रोज म्हणत होता, पण कुणाच्या तरी मागून. तू आजवर पुस्तकाच्या मागून म्हणतेस. परीक्षेत पुढं उभं राहायचं असतं.

यावर प्रयोगही झालेले आहेत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मी तिला फळ्यावर आकडे मांडून सांगितला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काही उताऱ्यांच्या बाबतीत तोच उतारा पुन्हा वाचायचा, काहींच्या बाबतीत न बघता आठवेल ते लिहायचं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचण्याची सरशी झाली, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं विचारलं तर उलटं : पुन्हा वाचलेलं ४२ टक्के उरलं, आठवून लिहिलेलं ५६. मला यातला पहिला आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. वाचन फसवतं ते त्यामुळंच. वाचून पुस्तक मिटल्यावर लगेच सगळं डोक्यात असतं आणि पोर समाधानानं झोपतं. नुकसान आठवड्यानं कळतं, तोवर पुढच्या धड्याला पिवळा रंग चढलेला असतो.

क्षाराचा घोटाळा

गोलांमधला एक प्रश्न मात्र विसरण्याचा नव्हता, आणि तो सापडला नसता तर पुढचं सगळं वाया गेलं असतं. प्रश्न होता : तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी यांच्यापासून तयार होणाऱ्या क्षाराचा पीएच किती असेल? तिनं लिहिलं होतं, ७ पेक्षा जास्त, म्हणजे आम्लारीकडं झुकलेला. कारणही दिलं होतं : "कारण क्षार आम्लाच्या विरुद्ध असतो."

"क्षार म्हणजे काय गे?"

"लिटमस निळा करतं ते."

मी चमकलो. मराठी पुस्तकात आम्ल, आम्लारी (इंग्रजीत बेस) आणि क्षार ही त्रयी आहे. क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकत्र येऊन पाण्यासोबत जे तयार होतं ते. मीठ हा क्षार, अमोनियम क्लोराइड हा क्षार. मग हिला हे कुठून मिळालं? थोडं खोदल्यावर उलगडा झाला. रात्री बाबांचा मोबाइल तासभर मिळायचा, त्यावर ती हिंदी व्हिडिओ बघायची. हिंदीत आम्लारीला क्षारक म्हणतात आणि मिठाच्या जातीला लवण. खानापुरात ट्यूशनला जायची तिथले सर कन्नड माध्यमात शिकलेले, आणि कन्नडमध्ये क्षार म्हणजे अल्कली, मीठ ते तिथंही लवणच. म्हणजे तिच्या कानावर दोन बाजूंनी एकच अर्थ पडत होता आणि पुस्तकात तिसरा होता. दोघांचं बहुमत झालं, पुस्तक हरलं.

सीमाभागातल्या मुलांचं हे नेहमीचं आहे. कन्नड पाटी, मराठी पुस्तक, हिंदी व्हिडिओ आणि बेळगावात इंग्रजी माध्यमात शिकणारा मावसभाऊ. चार भाषा कानावर पडतात याचा मला अभिमानच आहे, पण विज्ञानात संस्कृत शब्द हे असे घातकी निघतात, कारण ते सगळीकडं सारखे दिसतात. संपूर्ण अनोळखी शब्द असता तर तिनं विचारलं तरी असतं. त्या दिवशी आम्ही आणखी शोधले. मराठीत विकिरण म्हणजे आकाश निळं दिसायला कारण होणारं प्रकाशाचं विखुरणं, हिंदीत विकिरण म्हणजे प्रारण. आमचं बहिर्वक्र भिंग तिकडं उत्तल लेंस. तीव्र तिकडं प्रबल, सौम्य तिकडं दुर्बल. हे शेवटचे निदान फसवत नाहीत, फक्त अडवतात.

तिला वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखायला लावले. शब्द भेटेल तसा भरायचा, आणि ज्याचा अर्थ रकान्यागणिक बदलतो त्याला लाल चौकट. लाल चौकटीत शेवटी सात शब्द गेले. क्षारासाठी तिनं स्वतःच खूण शोधली : खारट तो क्षार. (सगळे क्षार खारट नसतात, मोरचूद चाखून बघू नये, हेही सांगून ठेवलं. या वयात सांगितलेलं बरं.) मग अमोनियम क्लोराइडचा हिशेब तिनं आपणहून केला. हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र, अमोनियम हायड्रॉक्साइड सौम्य, तेव्हा वरचढ आम्ल, म्हणून पीएच ७ पेक्षा कमी. पंधरा दिवस वाचून जे बसलं नव्हतं ते शब्द सुटल्यावर दोन मिनिटांत बसलं.

सहा सेंटिमीटरची प्रतिमा

तीन गुणांचं एक गणित होतं. १० सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर १५ सेंमीवर वस्तू ठेवली, तर प्रतिमा कुठं मिळेल? तिनं सूत्र बरोबर लिहिलं, वस्तूचं अंतर धन घेतलं आणि उत्तर काढलं ६ सेंमी. चिन्हसंकेताप्रमाणे वस्तूचं अंतर उणे १५. मग एक दशांशातून एक पंधरांश वजा करायचा, उरतो एक तीसांश, प्रतिमा ३० सेंमीवर. विशालन उणे २, म्हणजे प्रतिमा उलटी आणि दुप्पट.

चिन्ह चुकलं याचं मला फार वाटलं नाही. ६ हे उत्तर बघून तिला काहीच खटकलं नाही, याचं वाटलं. कारण शेजारच्याच प्रश्नात तिनं त्याच भिंगाची किरणाकृती सुरेख काढली होती : वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीय अंतराच्या मध्ये, प्रतिमा पलीकडं दुप्पट अंतराच्याही पुढं. म्हणजे उत्तर २० पेक्षा जास्तच हवं हे तिच्याच हातानं काढलेलं चित्र सांगत होतं. पण आकृती एका कप्प्यात, गणित दुसऱ्या.

त्यामुळं गणिताला नवा नियम लावला. सूत्राला हात लावायच्या आधी पाटीवर ओबडधोबड आकृती काढायची, आकृती बघून "उत्तर अमुकपेक्षा मोठं, बाजू अमुक" असा अंदाज शब्दांत लिहायचा, मग सूत्र. आणि आरशाची गणितं एका दिवशी, भिंगांची दुसऱ्या दिवशी असं करायचं नाही. दोन्ही चिठ्ठ्यांवर लिहून एकत्र कालवायची आणि येईल ती उचलायची. पहिले तीन दिवस ती वैतागली, कारण एकाच जातीची दहा गणितं ओळीनं सोडवताना जी लय सापडते ती इथं सापडत नाही. पण परीक्षेत "आता भिंगाचं गणित येत आहे" अशी दवंडी कुणी देत नाही. कोणतं सूत्र लावायचं हे ओळखणं हाच निम्मा प्रश्न असतो.

विजेच्या धड्यात घरचंच गणित घेतलं. त्यांच्या पंपाची मोटर ३ एचपी. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट, मोटरची कार्यक्षमता बाजूला ठेवली तर तीन तासांत सुमारे ६.७ युनिट. हे ती ओसरीवर सोडवत होती तेव्हा तिचे बाबा म्हणाले, "आपल्या पंपाला बिल येत नाही, मग युनिट कशाला काढतेस?" कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज फुकट आहे, त्यामुळं मुद्दा बिनतोड होता. पण ते उत्तर ती परीक्षेपर्यंत विसरली नाही.

कुंद्याचे खोके

आता मुख्य पद्धत. घरात नवीन वह्या आणायला पैसे मागायचे नाहीत, हे तिनं आधीच ठरवलं होतं. म्हणून जुन्या लग्नपत्रिका घेतल्या, त्यांच्या कोऱ्या बाजूचे चौकोन कापले आणि कुंद्याचे, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचे, तीन रिकामे खोके घेतले. बेळगावकडं कुणाच्याही घरात कुंद्याचा रिकामा खोका सापडतोच, त्यात सुईदोरा तरी असतो नाहीतर रेशनकार्ड.

रोज संध्याकाळी एक विषयांश. पुस्तक मिटून रफ वहीत दहा मिनिटं आठवेल ते लिहायचं : शब्द, आकृती, समीकरण, क्रम कसाही. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेननं भरायचं. जे लाल झालं त्याचीच चिठ्ठी करायची, काळ्याची नाही. पुढं प्रश्न, मागं उत्तर. नवी चिठ्ठी पहिल्या खोक्यात, तो रोज काढायचा. बरोबर आली की दुसऱ्यात, तो तीन दिवसांनी. तिथंही आली की तिसऱ्यात, तो रविवारी. कुठंही चुकली की थेट पहिल्या खोक्यात परत.

पहिला आठवडा पार फसला. तिनं १४० चिठ्ठ्या केल्या, आणि त्या चिठ्ठ्या नव्हत्याच, पुस्तकाचीच बारीक अक्षरातली नक्कल होती. एका चिठ्ठीवर अख्खी पचनसंस्था. मी शंभरेक बाजूला काढल्या, तिचे डोळे भरून आले. नवा नियम केला : एका दमात सांगून होईल एवढंच एका चिठ्ठीवर. "पित्तरस कुठं तयार होतो?" ही चिठ्ठी. "पित्तरसात विकर नसूनही पचनाला तो का लागतो?" ही दुसरी. आणि काही चिठ्ठ्या मी लिहिल्या, ज्यांचं उत्तर पुस्तकाच्या कुठल्याही एका ओळीत नाही. त्यातली माझी आवडती : "यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटमधून अॅल्युमिना काढताना कॉस्टिक सोडा का वापरतात?" बेळगावला जाता-येताना तिनं त्या कारखान्याची बाजू पाहिली होती. धड्यात फक्त एवढं आहे की अॅल्युमिनियम ऑक्साइड उभयधर्मी असतं, आम्लाशीही आणि आम्लारीशीही त्याची अभिक्रिया होते. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, म्हणजे कॉस्टिक सोड्यात, ते सोडियम अॅल्युमिनेट होऊन विरघळतं, बॉक्साइटमधलं लोहाचं ऑक्साइड विरघळत नाही, ते लाल चिखल होऊन मागं राहतं. हे तिनं दोन दिवस विचार करून सांगितलं. त्यानंतर उभयधर्मी हा शब्द पाठ करायची गरज पडली नाही.

दुसरी अडचण उशिरा लक्षात आली. ती चिठ्ठी बघायची, दोन क्षण थांबायची, उलटायची आणि म्हणायची, "आलं होतं सर." म्हणजे पुन्हा "हेच की", नव्या वेषात. यावर तोडगा आज्जीनं काढला. आज्जीला अक्षरओळख नाही. नात प्रश्न मोठ्यानं वाचून चिठ्ठी आज्जीच्या हातात देणार, उत्तर मोठ्यानं सांगणार, मगच चिठ्ठी परत मिळणार. उत्तर बरोबर आहे का हे आज्जीला कळत नव्हतं, पण चाळीस वर्षं भजनात काढलेल्या बाईला कोण कुठं अडखळलं हे बिनचूक कळतं. "हितं अडकलीस. पहिल्या डब्यात घाल." मुलगी कुरकुरायची, "आज्जी, बरोबर होतं ते!" आज्जी ढिम्म. तिच्याइतका कडक परीक्षक बोर्डानं दिला नसता.

आकृत्यांचं वेगळं ठेवलं. हृदय, मेंदूचा छेद, नेफ्रॉन, चेतापेशी, फुलाचा उभा छेद, तांब्याचं शुद्धीकरण. पाटीवर, न बघता, दोन मिनिटांत, रोज एक, आणि सगळ्या आळीपाळीनं पुन्हा. तांब्याच्या आकृतीत ती प्रत्येक वेळी अशुद्ध तांबं ऋणाग्राला लावायची. शेवटी "मळका तो धनी" असं तिनं स्वतःशी ठरवलं, अशुद्ध तांबं धनाग्राला. घरात हे वाक्य मोठ्यानं म्हटल्यावर बाबांनी मान वर करून पाहिलं म्हणे.

दुसरी प्रिपरेटरी

पाच आठवड्यांनी ३९. फक्त आठ गुण वाढले. तिची आई शाळेत आली. "सर, राग मानू नका. त्या खोक्यात जाणारा वेळ वाचायला घातला असता तर बरं झालं असतं." मला उत्तर सुचेना, म्हणून पुन्हा खुणांचा खेळ मांडला, या वेळी आईसमोर. गेलेले गुण ४१. टिंबं १४ वरून ९ वर आली होती. गोल २४ वरून १२, म्हणजे निम्मे. पण फुल्या ११ च्या २० झाल्या होत्या. पहिल्या प्रिपरेटरीत शेवटचे धडे धरलेले नव्हते, दुसरीत सगळे होते, आणि विद्युतधारेचे चुंबकीय परिणाम व आनुवंशिकता हे दोन धडे तिनं नीट शिकूनच घेतले नव्हते. खोके जुन्या धड्यांनी भरलेले आणि ती ते परतवण्यातच गुंग.

ही चूक माझीच. न शिकलेल्या गोष्टीची उजळणी होत नसते. आठवून बघायला आधी आत काही जावं लागतं. पुढचे तीन आठवडे शनिवारचा तास फक्त या दोन धड्यांना दिला. मेंडेलचे वाटाणे तिच्या हातात खरोखरच दिले, तिच्या परसातले. डाव्या हाताचा नियम ती बसमध्ये बोटं ताणून करायची, आणि कंडक्टरनं एकदा विचारलं म्हणे, "काय झालं गे हाताला?"

अखेरच्या आठवड्यात नवी चिठ्ठी करायची नाही असं ठरवलं. तीन जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, पूर्ण वेळ, जेवणाच्या पाटावर बसून. तपासताना तिनं स्वतः लाल पेन धरलं. टिंबं कमी झाली ती यामुळं, माझ्या सांगण्यानं नव्हे. स्वतःच्या आकृतीतला विसरलेला बाण स्वतः कापला की पुढच्या वेळी हात आपोआप थांबतो.

निकाल, आणि त्याबद्दल जपून

लेखी परीक्षेत ५८ पडले. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली नाही, त्यामुळं कुठले गुण कशानं वाढले ते सांगता येत नाही. वाढलेले २७ गुण खोक्यांचे असं मी म्हणणार नाही. शब्दांचा घोटाळा सुटला, रात्रीचा मोबाइल बंद झाला, दर शनिवारी एक माणूस तिच्यासमोर तासभर बसला, आणि आज्जी होती. यातलं एखादं वजा केलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे.

त्याच वर्षी एका मुलालाही मी हेच खोके करायला लावले होते. त्याचे पहिल्या प्रिपरेटरीत २२ होते, दुसरीत २४. त्याला मराठी वाक्य अक्षरं जुळवून वाचावं लागत होतं. चिठ्ठीवरचा प्रश्न वाचण्यातच त्याचा दम जायचा, आठवायला काही उरायचं नाही. हे मला दीड महिन्यानं कळलं. त्याच्या कामाला शेवटी ते बारा पानांचं पॅकेजच आलं, सोबत बसून मोठ्यानं वाचून घेतलेलं. बोर्डाच्या परीक्षा-१ मध्ये राहिला, नंतरच्या परीक्षा-२ मध्ये विज्ञानात निघाला. म्हणून पॅकेजला मी आता शिव्या देत नाही. वाटण्याआधी उत्तरपत्रिकेवर फुली, गोल, टिंब करून बघतो, आणि फुल्यांचं पीक असेल त्याच्याच हातात देतो. तीसेक पोरांचा हिशेब करायला दोन रविवार जातात.

मुलगी आता बेळगावात पीयूसीला, म्हणजे आमच्याकडच्या अकरावी-बारावीला, सायन्स घेऊन शिकते. तिथं सगळं इंग्रजीत. जूनमध्ये पावसात भिजत घरी आली, प्लास्टिकच्या पिशवीत तेच तीन खोके. चिठ्ठ्यांच्या मागं मराठी उत्तराखाली इंग्रजी शब्द लिहून हवे होते. पहिली चिठ्ठी तिनं मुद्दाम क्षाराची काढून ठेवली होती. मी सॉल्ट लिहिलं, तिनं लाल चौकट केली आणि हसली.

मागच्या महिन्यात त्यांच्या गावी गेलो होतो. सुट्टीला नात आली की परीक्षा अजून आज्जीच घेते. पण आज्जी वैतागलेली दिसली. मला चहा देता देता म्हणाली, "सर, इंग्रजीचं काय खरं न्हाई बघा. ती भाषाच तशी आहे का पोरगी अडखळते, कळेना झालंय मला."